भोपळीच्या पोटातलं पाणी

मी एक जुनी, शेंदरी रंगाची, प्लास्टिकची होडी आहे. शहरात माझ्या जातीला कयाक म्हणतात. पण पोलादपूर तालुक्यातल्या ज्या वाडीत मी हल्ली राहते, त्या खैरकोंडात हा शब्द कुणाच्याच तोंडात नीट बसला नाही. तिथे मला भोपळी म्हणतात. रंग तसा आणि आतून पोकळ, म्हणून भोपळी. हे नाव ठेवलं तुळसाकाकीने. तिच्याबद्दल पुढे सांगणारच आहे, कारण माझ्या जिवाला जो घोर लागला आहे तो तिच्यासाठीच आहे.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. होडीने पाण्याला भ्यावं हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण तुमच्या पोटाला भोक पडलं असतं, ते फक्त तुम्हाला आणि आणखी एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि तुमच्यावर विसंबून एक आजारी बाई भर नदीत बसली असती, तर तुम्हालाही हसू आलं नसतं.

माझा जन्म कारखान्यातला. धातूच्या मोठ्या साच्यात प्लास्टिकची पावडर ओतली, साचा बंद केला आणि भट्टीत गरागरा फिरवला. पावडर वितळून साच्याला आतून सगळीकडे चिकटली, थंड झाली आणि मी बाहेर आले. माझ्या अंगाला कुठे जोड नाही की खिळा नाही. वर दोन माणसांना बसायला खोलगट जागा आणि खाली बंद, पोकळ पोट. त्या पोटात हवा असते म्हणून मी तरंगते. शेपटीकडे तेवढं एक लहान छिद्र आहे आणि त्याला आट्यांचं बूच आहे. चुकून थेंबभर पाणी आत गेलंच तर ते काढून टाकायची ती वाट. हे बूच लक्षात ठेवा.

आणि हेही लक्षात ठेवा, की माझ्यावर बसणाऱ्याला माझं पोट दिसत नाही. लाकडी होडीत पाणी शिरलं तर पाय ओले होतात, माणूस सावध होतो. माझ्या पोटात पाणी शिरलं तर वर बसलेल्याला पत्ताच लागत नाही. मी हळूहळू खाली बसत जाते आणि तो मजेत गाणं म्हणत असतो. हे भय माझ्याबरोबरच जन्माला आलं.

माझी पहिली वर्षं समुद्रकिनाऱ्यावर गेली. सुट्टीला आलेली माणसं माझ्यावर बसायची, फोटो काढायची, किंचाळायची आणि उतरायची. संध्याकाळी मला वाळूवरून फरफटत वर नेत. उचलून न्यायचे कष्ट कोण घेणार? त्या वाळूने माझा तळ रोज थोडा थोडा खरवडला. रंग उडाला तशी मी पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत गेले.

मग महाडला तो मोठा पूर आला. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि किनाऱ्यावरच्या होड्या टेम्पोत घालून महाडला नेल्या. त्यांत मी होते. ज्या रस्त्यावरून रिक्षा जायच्या त्याच रस्त्यावरून मी गेले. दुकानांच्या पाट्या माझ्या कुशीला घासत होत्या आणि गॅलऱ्यांमधून माणसं माझ्यावर उतरत होती. एका म्हातारबाबांनी तर पिंजऱ्यासकट पोपट आणला होता. पाणी ओसरल्यावर कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार सुकायच्या आत सगळे चिखल काढायला लागले आणि मला विसरले. बाकीच्या होड्या परत गेल्या. मी मात्र साहिलच्या दुकानामागे राहिले.

साहिल पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतो. महाडच्या एसटी स्टँडपासून जवळच त्याचं पत्र्याचं दुकान आहे. गच्चीवरच्या त्या मोठ्या प्लास्टिकच्या टाक्या असतात ना, त्यांना तडा गेला की लोक त्याला बोलावतात. मी त्याच्या फुटक्या टाक्यांच्या ढिगाला टेकून पडून असायची. कुत्री माझ्या सावलीत झोपायची. कंटाळा होता, पण भीती नव्हती, आणि मला तेवढं पुरत होतं.

एका मंगळवारी भर दुपारी एक बाई आली आणि थेट माझ्यावर बसली. तिला वाटलं मी बाकडं आहे. तीच तुळसाकाकी. बरोबर तिचा नवरा मोरूकाका होता. स्टँडकडे चालता चालता तिला भोवळ आली होती. साहिल धावत पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिने एक घोट घेतला आणि तांब्या परत केला.

“घ्या ना काकी, पोटभर घ्या,” साहिल म्हणाला.

“पोटभर पानी मला बंद हाय रे पोरा,” ती म्हणाली. “एवढा घोटबी मोजूनच.”

मित्रांनो, तुळसाकाकीच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आपण प्यालेलं पाणी आपल्या अंगातून बाहेर पडतं. तिच्या अंगातून ते पडत नसे. आतच साठत राही, पाय सुजत, धाप लागे. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी महाडच्या दवाखान्यात जाऊन यंत्राने रक्त स्वच्छ करून घ्यायचं आणि साठलेलं पाणी काढून घ्यायचं. डॉक्टर त्याला डायलिसिस म्हणतात. वाडीतले लोक म्हणतात, काकी मशीनला गेली.

खैरकोंड नदीपलीकडे आहे. पूर्वी लोक साकवावरून, म्हणजे लहानशा पुलावरून, ये-जा करत. ज्या पुरात मला हार मिळाला त्याच पुरात तो साकव वाहून गेला. नव्या साकवाचे खांब उभे राहिले आणि तिथेच थांबले. उन्हाळ्यात लोक दगडांवरून नदी ओलांडतात, पण पावसाळ्यात वाडी अलीकडच्या जगापासून तुटते. आदल्या पावसाळ्यात काकी महाडला भाच्याच्या दोन खोल्यांत राहिली होती.

“चार म्हयने कोपऱ्यात बसून काढलं,” ती साहिलला सांगत होती. “गाय नाय, शेत नाय, मानूस नाय. औंदा मी घर सोडनार नाय. काय व्हायचं ते होवू दे.”

मोरूकाका माझ्याकडे बघत होता. “ही तरंगती काय रे?” त्याने विचारलं.

“तरंगते काका. पुरात लोक काढलेत हिने,” साहिल म्हणाला. “घेऊन जा. इथे कुत्र्यांच्या उपयोगाची आहे, तिथे काकींच्या होईल.”

अशी मी खैरकोंडात आले.

मोरूकाकाला पाण्याची माझ्याइतकीच भीती वाटते. डोंगरातला माणूस तो. मधाचं पोळं काढायला कड्यावर चढेल, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्याचे ओठ सुकतात. पोहायला येत नाही. तरीही त्याने वाडीच्या वर, जिथे नदीचा खोल कोंड, म्हणजे डोह, आहे आणि धार जरा मऊ होते, तिथे दोन काठांवरच्या झाडांना जाड दोर बांधला. माझ्यावर बसून तो दोर हाताने ओढत पलीकडे जायचं. माझ्या शेपटीला दुसरा दोर, आणि त्याचं टोक वाडीच्या काठावर श्रीपतच्या हातात. श्रीपत हा मोरूकाकाचा भावकीतला धाकटा भाऊ. आमच्या शेजारचंच घर त्याचं. कोंडाच्या खाली नुसते खडक आहेत. मी तिकडे वाहत गेले तर श्रीपतने मला मागे खेचायचं, अशी योजना होती. काकी लाइफ जॅकेट घालायची. मोरूकाका तेलाचे दोन रिकामे कॅन कमरेला बांधायचा आणि वल्हं मांडीवर आडवं धरून आधी दोन्ही काठांना नमस्कार करायचा. तो पावसाळा असा भीत भीत, पण सुखरूप पार पडला. काकीचा एकही मंगळवार चुकला नाही, एकही शुक्रवार चुकला नाही.

मला वाटलं, आता माझे बरे दिवस आले. पण पाणी आटलं की होडीला कोण विचारतं? मला गोठ्यामागे पालथं घातलं. माझ्यावर मिरच्या वाळल्या, कोंबड्या बसल्या. त्याचंही मला दुःख नव्हतं. माझा घात झाला तो राबामुळे.

राब तुम्हा शहरातल्या मुलांना माहीत नसेल. आमच्याकडे भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, डहाळ्या आणि पालापाचोळा पसरून तो जाळतात. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. पण राबाचा पाला कोरडा हवा. त्या वर्षी मधेच अवकाळी पावसाची चिन्हं दिसली, म्हणून मोरूकाकाने पाल्याच्या ढिगावर मला झाकण म्हणून पालथं टाकलं. माझा तळ आभाळाकडे आणि पोटाखाली सुका पाला. तुम्हीच सांगा, प्लास्टिकच्या होडीला याहून वाईट जागा कुठली असेल?

शुक्रवारी काकी आणि काका मशीनला गेले. एकमेकांचा राब भाजून द्यायची आमच्या वाडीत रीत आहे. श्रीपतला वाटलं, दादा दमून येईल, आपणच त्याचा राब भाजून टाकू. मन चांगलंच होतं त्याचं. त्याने मला ढिगावरून ओढून बांधावर ठेवलं, पाला पसरला आणि वाऱ्याची दिशा बघून आग लावली. बांध त्याला पुरेसा लांब वाटला. मला तो वाटत नव्हता.

मग वारा फिरला.

आधी धूर आला. मग माझ्या नाकाकडची बाजू तापायला लागली. ज्या भट्टीत मी जन्मले तिची आठवण अंगात कुठेतरी असते, आणि आपण पुन्हा पावडर होणार असं वाटायला लागतं. मला हलता येत नव्हतं. ओरडता येत नव्हतं. माझी कातडी मऊ पडली, फुगली, आणि एक जळतं लाकूड निसटून माझ्या तळाला टेकलं. तिथे आरपार भोक पडलं. श्रीपत पलीकडच्या बाजूला आग दाबत होता. त्याला मी दिसले तेव्हा तो बोंबलतच धावला, मला ओढून लांब नेलं आणि माझ्यावर घागर ओतली. फुगलेला भाग थंड होऊन तसाच वाकडा राहिला. तो सरळ करायला म्हणून त्याने त्यावर पाय देऊन जोर लावला. कट्कन आवाज झाला. भोकापासून वीतभर लांब तडा गेला.

श्रीपत माझ्याशेजारी बसून त्या तड्यावरून बोट फिरवत राहिला. मग घरी गेला आणि रस्त्याच्या कामातलं उरलेलं डांबर घेऊन आला. पत्र्याला भोक पडलं की आमच्याकडे डांबर फासतात. त्याने डांबर गरम केलं, भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला आणि वरून सगळीकडे डांबर थापलं. मला उताणं करून, म्हणजे तुमच्या हिशेबाने सरळ करून, गोठ्यात गवतावर ठेवलं. तळ खाली गेला आणि जखम झाकली गेली.

“भोपळे, गप ऱ्हा हां,” तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला. जणू मी कुणाला सांगायलाच निघाले होते!

डांबर प्लास्टिकला धरत नाही, मित्रांनो. पत्र्याला धरतं, कौलाला धरतं, पण माझ्या गुळगुळीत अंगावर ते नुसतं बसून राहतं. उठायची वेळ आली की उठून जातं. श्रीपतला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण त्याच्या कडा सुटायला लागल्या होत्या. गोठ्यात पडल्या पडल्या मी आभाळाचा आवाज ऐकायची. ढग गडगडले की लोक खूश व्हायचे. मी मात्र डांबराची कड किती सुटली ते मोजायची. श्रीपत येता-जाता गोठ्यात डोकावायचा. एकदा मोरूकाका वैरण टाकत असताना तो दारात उभा राहिला, “मोरूदा, ते...” म्हणाला, आणि मग पावसाबद्दलच काहीतरी बोलून निघून गेला. त्याचीही झोप उडाली असावी. दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला धीर होत नव्हता.

नदी भरली. दगड बुडाले. शुक्रवार उजाडला.

मला उचलून कोंडावर आणलं. पाणी लाल होतं आणि त्यात फांद्या वाहत होत्या. मोरूकाकाने कमरेला कॅन बांधले. काकी दोन्ही हातांनी माझा काठ धरून बसली. आदल्या मशीनपासूनचं पाणी अंगात साठलेलं, तिचे पाय सुजून टम्म झाले होते. वाडीच्या काठावर श्रीपत शेपटीचा दोर धरून उभा होता. तो कुणाकडेच बघत नव्हता. मी मनात ओरडत होते, बोल रे बाबा, आता तरी बोल. मोरूकाकाने दोन्ही काठांना नमस्कार केला आणि दोर ओढला.

पाण्यात शिरताना माझं पोट काठावरच्या खडकाला घासलं. तेवढंच निमित्त. डांबराची पोळी सुटली आणि वाहून गेली. आधी भोकातून पाणी आलं, गार, बोटभर धारेने. मग तडा उघडला. आत शिरलेलं पाणी माझ्या पोटात इकडून तिकडे धावायला लागलं. धार डावीकडून आली की ते उजवीकडे जायचं आणि मला कलंडवायला बघायचं. वर मोरूकाका दोर ओढत होता आणि पुटपुटत होता. त्याला काही कळलं नव्हतं. माझं नाक खाली जायला लागलं. मी जीव तोडून तरंगत होते, पण तरंगणं माझ्या हातात नसतं. ते पोटातल्या हवेच्या हातात असतं, आणि ती हवा बुडबुड करत निघून चालली होती.

कोंडाच्या मध्यावर काकीने तळहात माझ्यावर सपाट ठेवला.

“अवो, हिचं अंग जड झालंय,” ती म्हणाली.

“धार जोरात हाय गो. भिऊ नको.”

“धारेचं नाय ते. मला कळतंय. हिच्या पोटात पानी साठलंय. माज्यावानी.”

मोरूकाकाचे हात थांबले. त्याच वेळी काठावरून श्रीपतची किंकाळी आली. माझं बुडणारं नाक त्याला दिसलं होतं.

“मोरूदा! मागं फिर! राबाला जळली ती! पोटाला भोक हाय, मीच डांबार फासलाय! मागं फिर, मी ओढतो!”

मोरूकाका दगडासारखा बसला. दोर त्याच्या मुठीत होता, पण हात चालत नव्हते. पुढचा काठ जेवढा लांब तेवढाच मागचा. माझ्या पोटात पाणी येतच होतं. कोंडाच्या खालून खडकांवर आपटणाऱ्या धारेचा आवाज येत होता. इतकी भीती मला राबातही वाटली नव्हती. राबात मी एकटी होते.

“पुढं चला,” तुळसाकाकी म्हणाली.

“अगो पर...”

“मागं मशीन नाय. पुढं चला.”

तिने स्वतः हात वर करून दोर धरला. धाप लागलेल्या त्या बाईत जोर तो कितीसा? पण तिने धरला म्हणून मोरूकाकाने ओढला. दोघं ओढत होते आणि श्रीपत रडत रडत मागून दोर सैल सोडत होता. काठ हाताशी आला तेव्हा माझं नाक पूर्ण पाण्याखाली गेलं आणि मी फिरायला लागले. मग मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. गुडघ्याच्या वर पाण्याला भिणारा मोरूकाका छातीइतक्या पाण्यात उतरला. एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने मला धरून त्याने काठाला टेकवलं. काकी झाडाचं मूळ धरून वर चढली. तो मात्र चढला नाही. पाण्यातच मला धरून उभा राहिला. शेवटी तिनेच हात दिला.

रस्त्यावर नेहमीची जीप उभी होती. मोरूकाकाने श्रीपतसाठी माझ्या शेपटीचा दोर सोडून दिला आणि मला तिच्या टपावर बांधलं. माझ्या पोटातलं लाल पाणी रस्ताभर सांडत होतं. आम्ही महामार्गाला लागलो, कशेडी घाट उतरून आलेल्या ट्रकांच्या मागे मागे महाडला पोहोचलो. मोरूकाकाने आधी काकीला दवाखान्यात सोडलं आणि मग मला साहिलच्या दारात. त्या दुपारी एकाच गावात दोन ठिकाणी एकच काम चाललं होतं. यंत्र काकीच्या अंगातलं पाणी काढत होतं आणि साहिल माझ्या.

त्याने मला पालथं केलं, उरलेलं डांबर खरवडलं आणि तडा बघून तो चुकचुकला. “काका, टाक्यांचं आणि हिचं अंग एकाच जातीचं आहे,” तो म्हणाला. “याला वरून काही चिकटवून चालत नाही. वितळवून यातच मिसळावं लागतं.” मग जरा थांबून म्हणाला, “पण टाकीत पाणी आत ठेवायचं असतं. हिच्यात बाहेर ठेवायचंय. मी होडी कधी केलेली नाही.”

“करशील ना पर?” मोरूकाकाने विचारलं. त्याचे कपडे अजून ओले होते.

साहिलने ड्रिलने तड्याच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं. मी हादरलेच. आधीच भोक कमी होतं काय? पण ते भोक पडलं की तडा पुढे धावत नाही, तिथेच अडतो, हे तो मोरूकाकाला समजावत होता. नंतर त्याने तड्याच्या दोन्ही कडा तासून त्याची चर केली. माझ्यावर बसायच्या जागेमागे एक निकामी पट्टी होती, पूर्वी तिथे पाठ टेकायची गादी अडकवत. ती कापून त्याने तिच्या काड्या केल्या. माझीच जखम आणि माझंच अंग तिला भरायला. आणि मग त्याने गरम हवेचं यंत्र सुरू केलं.

पुन्हा आग! तो सूं आवाज ऐकला आणि मला राब आठवला. पण राबाची आग कुठेही जात होती आणि ही आग साहिलच्या मनगटाबाहेर जात नव्हती. कड चकाकली की तो काडी दाबायचा, कड चकाकली की पुन्हा दाबायचा. भोकावर त्याने चकती बसवली आणि तीही चारी बाजूंनी वितळवून मुरवली. दुखलं. खोटं कशाला बोलू?

थंड झाल्यावर त्याने बूच काढून नळाचं पाणी माझ्या पोटात भरलं. आतलं पाणी कुठून बाहेर येतं ते बघायची टाकीवाल्यांची ही पद्धत आहे. नवा सांधा कोरडा राहिला. मोरूकाकाने हुश्श केलं. पण साहिल वाकून बघतच राहिला, आणि तळाच्या मधोमध एक थेंब फुगला. किनाऱ्याच्या वाळूने जिथे मला वर्षानुवर्षं खरवडलं होतं, तिथे केसाएवढी चीर होती. ती कुणालाच माहीत नव्हती. मलासुद्धा. साहिलने पाणी काढलं आणि तीही भरली.

“टाकी गळली तर भिंतीला ओल येते, मालक शिव्या देतो आणि मी परत जाऊन दुरुस्त करतो,” तो यंत्र बंद करत म्हणाला. “ही गळली तर मी परत कुणाकडे जाऊ? चला, मीही येतो नदीवर.”

काकीला दवाखान्यातून घेऊन उजेड असतानाच आम्ही कोंडावर पोहोचलो. श्रीपत सकाळी होता तिथेच, पलीकडच्या काठावर बसून होता. शेपटीचा दोर त्याच्याजवळच होता. त्याचं सुटं टोक त्याने धोंडा बांधून आमच्याकडे फेकलं, ते पाण्यात पडलं. दुसऱ्यांदा पडलं. नंतर साहिलने ते झेललं आणि माझ्या शेपटीला बांधलं.

“आधी रिकामी जाऊ दे,” साहिल म्हणाला.

श्रीपतने मला पलीकडे ओढून घेतलं. तिथे त्याने जे केलं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो माझ्यावर चढून बसला, दोर धरला आणि एकटाच अलीकडे यायला निघाला. मागे धरायला कुणी नव्हतं. पाणी येतंय का, पाणी येतंय का, एवढंच माझ्या मनात होतं. आणि मित्रांनो, मला ते कळत नव्हतं. सांध्याची जागा बधिर झाली होती. भट्टीतून निघाल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्याच पोटातलं समजत नव्हतं.

अलीकडे आल्यावर मोरूकाका आणि श्रीपतने मला तिरकं धरलं. साहिलने बूच फिरवलं. काकीने खाली ओंजळ धरली. सगळे वाकले.

टप. टप. टप. तिच्या ओंजळीत थेंब पडले.

मोरूकाकाने डोळे मिटले. श्रीपत मागे सरकला. साहिलचा चेहरा पांढरा पडला. काकी मात्र ओंजळ उजेडाकडे धरून बघत होती.

“नदीचं पानी कसं हाय?” तिने विचारलं.

“लाल,” साहिल म्हणाला.

“ह्ये नितळ हाय. ह्ये तुज्या नळाचं ऱ्हायलेलं रे पोरा.”

साहिल हसायला लागला. मोरूकाकाने काकीची ओंजळ पुन्हा पुन्हा बघितली. श्रीपत मान खाली घालून उभाच होता.

“श्रीपत,” काकी म्हणाली, “भोक पडलं त्याचं काय नाय. तू सांगितलं नायस, त्याचं मला लागलंय.”

“चुकलो वैनी,” तो म्हणाला.

काकी माझ्यावर बसली, काका बसला, त्याने दोन्ही काठांना नमस्कार केला. मग शेपटीचा दोर उचलून त्याने श्रीपतच्याच हातात दिला. आधी ते दोघं, मग मला मागे ओढून घेऊन श्रीपत, असे आम्ही घरी गेलो.

त्यानंतर आमच्याकडे एक नवा रिवाज पडला. मशीनच्या दिवशी सकाळी काकी कोंडावर येते. दगडावर बसून ती आधी आपल्या घोट्यावर अंगठा दाबते आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघते. त्यावरून अंगात पाणी किती साठलंय ते तिला कळतं. मग ती माझं बूच उघडते आणि खाली हात धरते. “भरलं नाय ना गो?” असं मला विचारते. मला उत्तर देता येत नाही, म्हणूनच ती हात धरते. श्रीपत माझ्या तळावरून बोटं फिरवतो आणि कधी काही खरखरीत लागलं तर मोठ्याने सांगतो, अगदी सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. लोक आता त्याला हसतात. हसू देत.

मित्रांनो, मला नवा रंग नको आणि झेंडूचा हारही नको. तुमच्या घरात, शाळेत, गावात माझ्यासारखं काहीतरी असेल, ज्याच्यावर कुणाचा तरी जीव बसून जातो आणि ज्याला बोलता येत नाही. तुमच्या हातून त्याला भोक पडलं तर भिऊ नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतःच भित्री आहे. भ्या, पण भीत भीत का होईना, सांगा. वरून डांबर फासू नका.

उद्या शुक्रवार आहे. डोंगरावर दिवसभर पाऊस कोसळतो आहे आणि कोंडाचा आवाज मला गोठ्यापर्यंत ऐकू येतो आहे. साकवाचे खांब अजून तसेच उभे आहेत. उद्या सकाळी काकी घोट्यावर अंगठा दाबेल आणि मग माझं बूच फिरवेल. तेवढा वेळ तिला द्या. जीपवाल्याने हॉर्न वाजवला तरी कुणी घाई करू नका.